धरलेला खांदा: स्टिरॉइडचे इंजेक्शन आधी की व्यायाम आधी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या आईंचे वय ५६ असून त्यांना ११ वर्षांपासून मधुमेह आहे. गेल्या पाच महिन्यांपासून त्यांचा उजवा खांदा धरला आहे. वेणी घालायला हात मागे जात नाही, फळीवरचा डबा काढता येत नाही आणि रात्री त्या कुशीवर वळल्या की कळ येऊन जाग येते. अस्थिरोगतज्ज्ञांनी सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेऊन नंतर फिजिओथेरपी करायला सांगितली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना स्टिरॉइड हा शब्दच नको आहे, तर ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्टांचे म्हणणे असे आहे की जोर लावून व्यायाम केला तर इंजेक्शनाची गरज पडणार नाही. आईंची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ७.९ आहे. अशा वेळी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे.

मी गेली २२ वर्षे अस्थिरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात असे खांदे तपासत आले आहे आणि त्यांचे पुढे काय होते हे पाहण्यासाठी फिजिओथेरपीच्या खोलीतही नियमाने जात आले आहे. आपण कळवलेल्या माहितीवरून मला आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला योग्य वाटतो. इंजेक्शन दाह शमवते, पण आखडलेले आवरण सैल करीत नाही. व्यायाम आवरण सैल करतो, पण दाह भडकलेला असताना जोराने केलेला व्यायाम त्या दाहात भरच घालतो. त्यामुळे दोन्ही उपचार हवेत, आणि ते या क्रमाने हवेत. हा क्रम का, हे सविस्तर सांगते, कारण ते समजले तर घरातला विरोधही मावळेल आणि आईंना व्यायाम कितपत करायचा याचा अंदाजही येईल.

खांद्याचा सांधा एका पातळ, लवचिक पिशवीत बसवलेला असतो. या पिशवीला आपण आवरण म्हणू. तिच्या आतल्या बाजूला नाजूक अस्तर असते. धरलेल्या खांद्यात आधी या अस्तराला दाह होतो, ते लालसर होते, त्यात नव्या रक्तवाहिन्या आणि वेदना वाहून नेणारे तंतू वाढतात. मग आवरणातल्या पेशी जखम भरून काढावी तसे तंतू विणू लागतात, आवरण जाड होते आणि आकसते. निरोगी खांद्याच्या पिशवीत २० ते ३० मिलिलिटर द्रव सहज मावतो. धरलेल्या खांद्यात पुष्कळदा १० मिलिलिटरसुद्धा जात नाही. हात वर न जाण्याचे कारण स्नायूंचा अशक्तपणा नसून ही आकसलेली पिशवी आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याने हात धरून उचलला तरी तो एका ठिकाणी येऊन अडतो.

मधुमेहात हा आजार अधिक दिसतो. एरवी शंभरात दोन ते पाच जणांना होणारा हा त्रास मधुमेही माणसांत शंभरात दहा ते वीस जणांना होतो. रक्तात वर्षानुवर्षे जास्त राहिलेली साखर आवरणातल्या कोलॅजेन या प्रथिनाला चिकटते आणि त्याचे धागे एकमेकांना जखडतात, हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. थायरॉईडच्या रुग्णांतही हा आजार जास्त आढळतो. आईंची थायरॉईडची तपासणी अलीकडे झाली नसेल तर ती या निमित्ताने करून घ्यावी.

हे दुखणे साधारण तीन टप्प्यांतून जाते. पहिल्या टप्प्यात वेदना फार असतात, विशेषतः रात्री, आणि हालचाल दिवसेंदिवस कमी होत जाते. हा टप्पा दोन ते नऊ महिने चालतो. दुसऱ्या टप्प्यात वेदना ओसरते, पण खांदा लाकडासारखा ताठ राहतो. तिसऱ्यात तो हळूहळू सुटू लागतो. संपूर्ण प्रवास एक ते तीन वर्षांचा असू शकतो आणि मधुमेह्यांत तो बहुधा लांबतो. ‘आपोआप बरा होतो’ असे जे म्हटले जाते ते अर्धेच खरे आहे; बऱ्याच जणांना शेवटी थोडीफार हालचाल कमीच राहते. आईंना पाच महिन्यांनंतरही रात्री कळ येते याचा अर्थ त्या अजून पहिल्या टप्प्यात आहेत, दाह जिवंत आहे, आणि स्टिरॉइडचा खरा उपयोग याच टप्प्यात होतो. वेदना संपून नुसता ताठरपणा उरलेल्या खांद्यात तेच इंजेक्शन दिले तर त्याचा लाभ पुष्कळ कमी मिळतो. ‘आधी सहा महिने बाकीचे करून पाहू, नाहीच जमले तर इंजेक्शन’ हा घरोघरी ऐकू येणारा विचार मला म्हणूनच पटत नाही. त्या सहा महिन्यांत इंजेक्शनाची वेळ निघून जाते.

आता स्टिरॉइडच्या भीतीकडे वळते. ही भीती निराधार नाही आणि मी ती कधीही हसण्यावारी नेत नाही. तिचा उगम समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी सप्टेंबर १९४८ मध्ये संधिवाताने जखडलेल्या एका २९ वर्षांच्या स्त्रीला, पुढे कॉर्टिझोन म्हणून ओळखल्या गेलेल्या स्टिरॉइडची इंजेक्शने रोज १०० मिलिग्रॅम या प्रमाणात द्यायला सुरुवात केली, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. या कामासाठी हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण लवकरच दुसरी बाजूही दिसू लागली: चेहरा गोल होणे, साखर आणि रक्तदाब वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग दबा धरून वाढणे. लोकांच्या मनातली स्टिरॉइडची प्रतिमा या रोज, महिनोन्‌महिने, सर्व शरीरभर जाणाऱ्या औषधाची आहे. १९५१ पासून फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात द्यायची पद्धत रूढ केली ती याच अडचणीवर मार्ग म्हणून; औषध जिथे हवे तिथे, थोडे आणि क्वचित.

हिशेब मांडला की फरक स्पष्ट होतो. खांद्यात आम्ही बहुधा ट्रायअ‍ॅम्सिनोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम एकदा देतो. त्याचे ४ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोन या गोळीतून घ्यायच्या स्टिरॉइडचे ५ मिलिग्रॅम, या प्रमाणाने ते सगळे मिळून ५० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या बरोबरीचे होते. दम्याचा जोर वाढल्यावर जो रुग्ण रोज ४० मिलिग्रॅमप्रमाणे पाच दिवस गोळ्या घेतो, त्याच्या पोटात याच्या चौपट औषध जाते, आणि त्याबद्दल घरात फारशी चर्चाही होत नाही. शिवाय सांध्यातले औषध बारीक कणांच्या रूपात असते. ते तिथेच हळूहळू विरघळते आणि काही आठवडे काम करते. ते पेशींच्या आत शिरून दाह पेटवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती कमी करते, आणि तंतू विणणाऱ्या पेशींचा जोरही काही प्रमाणात रोखते. वेदनाशामक गोळीसारखे ते नुसते दुखणे झाकत नाही, हे वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगावे.

तरीही आईंच्या बाबतीत एक गोष्ट खरोखर जपायची आहे, ती म्हणजे साखर. सांध्यात दिलेल्या औषधाचा काही भाग रक्तात जातो आणि मधुमेही व्यक्तीची साखर दोन ते पाच दिवस, कधी आठवडाभर, वाढलेली राहते. एचबीए१सी ७.९ असताना मी इंजेक्शन नाकारणार नाही. पण त्या दिवशीची साखर २५० च्या वर असेल तर मी ते पुढे ढकलते आणि मधुमेहाच्या डॉक्टरांशी बोलून आधी साखर आटोक्यात आणते. इंजेक्शनानंतरचे पहिले पाच दिवस सकाळी उपाशीपोटी आणि दोन्ही जेवणांनंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर पाहून ती वहीत लिहावी. आई इन्शुलिन घेत असतील तर मात्रा किती वाढवायची आणि पुन्हा किती कमी करायची, हे त्यांच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. साखर ३०० च्या पुढे टिकून राहिली, फार तहान लागू लागली किंवा उलट्या झाल्या तर फोनवर सल्ला घेत बसू नये, त्याच दिवशी दाखवावे. गणपतीत, लग्नाच्या धावपळीत किंवा मोठ्या उपवासाच्या आदल्या दिवशी इंजेक्शन ठेवू नये, असेही मी सांगते. त्या दिवसांत ना साखर मोजली जाते, ना वेळेवर जेवण होते.

बाकीचे दुष्परिणाम तुलनेने लहान आहेत, पण आधी ठाऊक असले की घाबरायला होत नाही. काही जणांना इंजेक्शनानंतर एक-दोन दिवस दुखणे उलट वाढते. बर्फ आणि पॅरासिटामोल यांवर ते निभते. काहींचा चेहरा एक-दोन दिवस लाल आणि गरम होतो. औषध कातडीखाली सांडले तर तिथली त्वचा पांढुरकी पडते किंवा खोलगट दिसते. आपल्या सावळ्या वर्णावर तो डाग उठून दिसतो आणि कित्येक महिने राहतो, पण खांद्याचा सांधा खोल असल्याने तिथे हे क्वचितच घडते. सांध्यात जंतू शिरून पू होणे हा खरा गंभीर धोका आहे. तो साधारण दहा हजारांत एखाद्याला संभवतो, पण मधुमेही व्यक्तीत त्याबद्दल अधिक सावध राहावे लागते. म्हणून इंजेक्शन स्वच्छ खोलीत, निर्जंतुक पद्धतीने आणि सांध्याची ओळख असलेल्या हाताकडूनच घ्यावे; शक्य असेल तर सोनोग्राफीच्या मदतीने, कारण आकसलेल्या पिशवीत सुई नेमकी पोहोचवणे अनुभवी माणसालाही दर वेळी साधत नाही. दोन-तीन दिवसांनंतर खांदा गरम, लाल, टरटरीत झाला आणि ताप आला, तर ‘औषधाची प्रतिक्रिया असेल’ म्हणून घरी थांबू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना आधी सांगावी.

याही आधीची एक पायरी म्हणजे निदान पक्के असणे. मी रुग्णाला कोपर कुशीला टेकवून, हात काटकोनात वाकवून, पंजा बाहेरच्या बाजूला न्यायला सांगते आणि मग तोच हात स्वतः हलवून पाहते. दोन्ही वेळा हात सारखाच अडला आणि एक्स-रे ठीक असला, तर निदान बहुधा धरलेल्या खांद्याचेच असते. रुग्णाला स्वतःला हात उचलता येत नाही पण मी उचलला की सहज वर जातो, असे असेल तर स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा फाटला आहे का हे पाहावे लागते, आणि तिथे उपचार वेगळा आहे. बारीक ताप, घटत जाणारे वजन, पूर्वीचा क्षयरोग किंवा कर्करोग, किंवा खांद्याला झालेला मार, यांपैकी काहीही असेल तर तपासण्या पूर्ण झाल्याशिवाय स्टिरॉइड देऊ नये. क्षयाने धरलेल्या सांध्यात स्टिरॉइड दिल्यास रोग पसरायला मोकळे रान मिळते; आपल्याकडे क्षयाचे प्रमाण पाहता हा विचार प्रत्येक वेळी करावा लागतो.

आता फिजिओथेरपी. शेतकऱ्याच्या घरातल्या रुग्णांना मी एकच उदाहरण देते आणि ते त्यांना लगेच कळते. पाऊस पडून गेला की जमिनीला वाफसा येतो. त्याआधी चिखलात नांगर घातला तर ढेकळे होतात, आणि वाफसा उलटून गेला की जमीन पुन्हा कडक होते. इंजेक्शनानंतर चौथ्या-पाचव्या दिवसापासून पुढचे सहा ते आठ आठवडे हा खांद्याचा वाफसा असतो. वेदना उतरलेली असते, दाह शांत असतो, झोप लागत असते. या दिवसांत आवरण ताणून घेतले तर हालचाल परत मिळते. अनेक रुग्ण नेमकी इथेच चूक करतात: दुखणे थांबले म्हणून व्यायामाला जात नाहीत, आणि तीन महिन्यांनी ‘इंजेक्शनाचा परिणाम उतरला’ अशी तक्रार घेऊन परत येतात. परिणाम उतरणारच होता. त्या मुदतीत करायचे काम राहून गेले.

यामागे अभ्यासाचा आधारही आहे. कॅनडात सायमन कॅरेट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ९३ रुग्णांचे चार गट करून पाहणी प्रसिद्ध केली: इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, नुसते इंजेक्शन, नुसती फिजिओथेरपी, आणि दोन्हींपैकी काहीच नाही. सहा आठवड्यांनी इंजेक्शनाचे दोन्ही गट पुढे होते, आणि त्यांतही फिजिओथेरपी जोडलेल्या गटाची हालचाल लवकर सुधारली. वर्षाअखेर मात्र चारही गट जवळजवळ सारखे दिसले. ही शेवटची गोष्ट लपवण्याचे कारण नाही. उपचाराने मिळतात ते प्रामुख्याने मधले महिने. पण ज्या बाईला रात्रभर झोप नाही आणि घरचे सगळे काम उजव्या हातानेच करायचे आहे, तिच्या दृष्टीने ते सहा-आठ महिने लहान नाहीत.

दुसरा अभ्यास आपल्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्टांनी अवश्य लक्षात घ्यावा. नेदरलँड्समध्ये डीर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांची तुलना मांडली. एका गटाला वेदनेच्या मर्यादेपलीकडे जोर लावून ताणण्याचा व्यायाम दिला, दुसऱ्याला धीर देऊन, वेदना सहन होईल तितकीच हालचाल करायला सांगितली. दोन वर्षांनी सौम्य गटातल्या १०० पैकी ८९ जणांचा खांदा जवळपास पूर्ववत होता. जोराच्या गटात हे प्रमाण ६३ होते. माझा अनुभवही हेच सांगतो. हात धरून हिसका देणे, रुग्ण कळवळत असताना ‘आज एवढे तरी वर न्यायचेच’ म्हणून दाबणे, जोराने चोळणे, या सगळ्याने पहिल्या टप्प्यातला खांदा आणखी चिडतो. वेदनेने डोळ्यांत पाणी आलेल्या बाया फिजिओथेरपी कायमची सोडून देतात, आणि मग चांगला फिजिओथेरपिस्ट भेटला तरी त्यांचा विश्वास बसत नाही. असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी मला त्याचे मनापासून वाईट वाटते, कारण हे नुकसान टाळता येण्यासारखे असते.

घरी काय करायचे ते सांगते. नेमका क्रम मात्र आईंना प्रत्यक्ष पाहणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनीच ठरवावा. इंजेक्शनाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी खांद्याला विश्रांती द्यावी. हात गळ्यात बांधून मात्र ठेवू नये, जेवण, कपडे असे हलके व्यवहार चालू द्यावेत. पाण्याची कळशी, ओल्या कपड्यांची बादली, गॅसचे सिलिंडर हे आठ-दहा दिवस इतरांनी उचलावे. तिसऱ्या दिवसापासून, टेबलावर डावा हात टेकून, कमरेत थोडे वाकून, उजवा हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा हलवावा. मग उताणे निजून, दोन्ही हातांत लाटण्यापेक्षा लांब अशी काठी धरून, डाव्या हाताच्या बळाने उजवा हात बाहेरच्या बाजूला ढकलावा. कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवला की दुखत नाही. हा बाहेर वळण्याचा व्यायाम सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि सगळ्यांत जास्त टाळला जातो, कारण सर्वांचे लक्ष हात वर किती गेला याकडेच असते. भिंतीवर बोटांनी चढणे, दाराला बांधलेल्या कप्पीच्या दोरीने हात वर नेणे हे त्यानंतर. पाठीमागे टॉवेल धरून वरच्या हाताने खालचा हात ओढण्याचा व्यायाम शेवटी घ्यावा, कारण तो सर्वांत त्रासदायक असतो. घाईने तो पहिल्याच आठवड्यात केला की रात्रीचे दुखणे परत येते.

एकदाच तासभर घाम गाळण्यापेक्षा दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी आठ-दहा मिनिटे, हे बरे. सुरुवातीला प्रत्येक ताण पाच सेकंद धरावा, दोन-तीन आठवड्यांनी तो वीस-तीस सेकंदांपर्यंत न्यावा. अंघोळीच्या गरम पाण्यानंतर किंवा दहा मिनिटे शेकून घेतल्यावर व्यायाम सोपा जातो. मर्यादा ओळखण्याची खूण अशी: ० ते १० या मापावर व्यायामाच्या वेळी दुखणे ३-४ पर्यंत गेले तर चालेल, पण तासाभरात ते मूळ पातळीवर आले पाहिजे. त्या रात्री झोपमोड झाली तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून दुसऱ्या दिवशी निम्मे करावे. पूर्ण बंद करू नये. यंत्रांचा शेक, आयएफटी (सौम्य विद्युतप्रवाहाचा उपचार), अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) यांना माझी हरकत नाही, थोडा आराम पडतो. पण पंचवीस मिनिटे यंत्राखाली आणि पाच मिनिटे व्यायाम अशी वेळेची वाटणी असेल तर पैसे आणि वाफसा दोन्ही वाया जात आहेत.

प्रगती डोळ्यांना दिसावी म्हणून एक उपाय सांगते. पाठीमागे हाताचा अंगठा कुठपर्यंत पोहोचतो, हे दर रविवारी पाहावे: आधी कुल्ल्यापर्यंत, मग कमरेपर्यंत, मग ब्लाउजच्या पट्टीपर्यंत. वहीत साखरेच्या शेजारीच हे लिहावे. दिवसागणिक फरक कळत नाही, पण चार रविवारांत कळतो, आणि त्याने माणसाला हुरूप येतो.

आपल्या प्रश्नात नसलेली, पण अशा प्रत्येक घरात पुढे निघणारी एक बाब इथेच स्पष्ट करते. खांद्याला जे लागू पडते ते प्रत्येक सांध्याला तसेच लागू पडत नाही. झिजलेल्या गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते, पण ते ठरावीक काळाने घेत राहणे मला मान्य नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या १४० रुग्णांच्या चाचणीत, दर बारा आठवड्यांनी दोन वर्षे ट्रायअ‍ॅम्सिनोलोन घेणाऱ्यांची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, मिठाच्या पाण्याचे इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा अधिक झिजली आणि दुखण्यात फरक पडला नाही. २०२० मध्ये तिथल्याच लष्करी रुग्णालयांतल्या १५६ रुग्णांत वर्षाअखेर फिजिओथेरपीचा गट इंजेक्शनाच्या गटापेक्षा सरस ठरला. म्हणजे गुडघ्यात मुख्य उपचार मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हा आहे, आणि इंजेक्शन फक्त सूज भरून चालणेच बंद झाले असेल अशा वेळी. गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया तीन महिन्यांच्या आत ठरलेली असेल तर त्या गुडघ्यात स्टिरॉइड घेऊच नये, कारण नंतर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

आमवातात, म्हणजे ज्याला रूमेटॉइड संधिवात म्हणतात त्यात, गोष्ट आणखी वेगळी आहे. तिथे दाह सर्व शरीरात असतो. मेथोट्रेक्सेटसारखे मूळ औषध काम करू लागेपर्यंतच्या आठवड्यांत प्रेडनिसोलोनची छोटी मात्रा देऊन नंतर ती कमी करत बंद करायची असते. अशी गोळी तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतली असेल तर ती एकाएकी थांबवू नये, कारण तोवर शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ‘सांधेदुखीवरची पुडी’ किंवा नाव नसलेल्या गोळ्या घेऊन येणारे रुग्ण मला आजही भेटतात. एका दिवसात जादू झाल्यासारखे दुखणे जाते, भूक वाढते, चेहरा गोल होतो, साधा धक्का लागला तरी काळेनिळे डाग पडतात. ही लक्षणे पुडीत स्टिरॉइड मिसळल्याची असू शकतात. दैव असे की ४० मिलिग्रॅमच्या एका इंजेक्शनाला घाबरणारे काही जण अशी पुडी दोन-दोन वर्षे निर्धास्त घेत असतात. आपल्या घरात कोणी असे काही घेत असेल तर त्यांना रागावू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे आणा, म्हणजे ती सुरक्षितपणे बंद करता येईल.

पुन्हा आईंच्या खांद्याकडे येते. इंजेक्शन आणि व्यायाम यांनी सहा ते आठ आठवड्यांत रात्रीची झोप परत यावी आणि बाहेर वळण्याची हालचाल थोडी तरी वाढावी, अशी माझी अपेक्षा असते. लाभ झाला पण अपुरा, असे असेल तर सहा आठवड्यांनंतर दुसरे इंजेक्शन देता येते. एका सांध्यात वर्षाला तीनपेक्षा जास्त मी देत नाही, आणि पहिल्याने काहीच फरक पडला नसेल तर दुसरे देण्याआधी निदानच पुन्हा तपासते. काही ठिकाणी आवरणात मिठाचे पाणी भरून ते फुगवण्याची पद्धत वापरतात, तिचाही काहींना उपयोग होतो. भूल देऊन खांदा सोडवणे किंवा दुर्बिणीतून आवरण कापणे हे त्यानंतरचे मार्ग. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत हे दोन्ही मार्ग आणि स्टिरॉइडच्या इंजेक्शनासह पद्धतशीर फिजिओथेरपी यांची तुलना केली होती. वर्षाअखेर कोणताही एक मार्ग दुसऱ्यापेक्षा लक्षणीयरीत्या सरस ठरला नाही, आणि गंभीर गुंतागुंत प्रामुख्याने दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत दिसली. म्हणून शस्त्रक्रियेची घाई करू नये, पण नीट केलेल्या चार-सहा महिन्यांच्या प्रयत्नानंतरही खांदा जराही हलत नसेल तर तिला घाबरूही नये.

आणि एक विनंती. मधुमेह असलेल्यांत एक खांदा सुटत असताना काही महिन्यांनी दुसरा धरण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. आईंना डाव्या हाताने पदर खांद्यावर घेताना किंवा मागे हुक लावताना ओढ लागू लागली आणि ती दोन-तीन आठवडे टिकली, तर या वेळेसारखे पाच महिने थांबू नका. त्याच महिन्यात दाखवून घ्या, आणि येताना साखरेची वही बरोबर असू द्या.